कासवावर उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक म्हातारे कासव आहे. माझ्या पाठीच्या ढालीवर एक लांब चीर आहे आणि ती पाडणाऱ्याला मी अजून माफ केलेले नाही.

तेव्हा मी तळहाताएवढे होते. एका घरातल्या ताईच्या वाढदिवसाला तिच्या मामाने मला आणले. ताई मला आपल्या हाताने पाने भरवायची, बाबा माझा टब घासायचे. कौतुकाला तोटा नव्हता.

मग घरात बाळ आले. जेमतेम दोन महिन्यांचे झाले आणि तापाने फणफणले. दूध पिईना, टाळू फुगली, अंगाला झटके येऊ लागले. डॉक्टरबाईंनी पाठीतले पाणी काढून तपासले. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. त्या पाण्यात सापडलेला जिवाणू मेंदूपर्यंत क्वचितच पोहोचतो.

"घरात कासव आहे का?" त्यांनी विचारले.

बाबा तडक घरी आले. डोळ्यांत रक्त उतरले होते. "माझ्या लेकराच्या जिवावर उठलंस? थांब, तुला ठेचतोच!" म्हणत त्यांनी मला फरशीवर आपटले. ढाल तडकली. पुन्हा आपटायला उचलले, तसा मी त्यांचा अंगठा जबड्यात धरला. ते ओरडले, हात झटकला, पण मी कसले सोडते! मलाही आता सूडच हवा होता.

बाळाचे कपडे न्यायला आलेली आई दारातच थबकली.

"अहो, डॉक्टर विचारत होत्या, याचा टब कुठे धुता?"

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिले.

"बाळाच्या बाटल्या धुतो त्याच सिंकमध्ये ना?"

बाबांनी मला हळूच फरशीवर टेकवले. मी अंगठा सोडला. तोंडाने सोडला, मनाने नाही.

औषधांनी बाळ वाचले, पण त्याचा एक कान कायमचा गेला. मला प्राण्यांच्या निवाऱ्यात धाडले.

मित्रांनो, ते जिवाणू आमच्या अंगावर सुखाने नांदतात. आम्हाला त्यांचा त्रास होत नाही, तान्ह्या बाळाला होतो. म्हणून पाळण्यातले मूल असेल त्या घरात आम्हाला आणू नका. आम्हाला हात लावलात तर तो साबणाने धुवा. आमचे भांडे स्वयंपाकघरात नेऊ नका. आणि चूक तुमची असेल, तर मुक्या जिवावर हात उगारू नका.

बाबा अजूनही येतात. कुंपणाशी उकिडवे बसून म्हणतात, "चुकलं रे माझं." मी मान ढालीत ओढून घेते. आम्हा कासवांचे आयुष्य फार मोठे असते. बसू दे त्यांना.