माझी काच धूसर नव्हती

मी दुर्बीण बोलतेय, पण मान खाली घालून. मला डोळे दोन आहेत, तोंड नाही, म्हणून इतके महिने गप्प बसले. आज सांगून टाकते.

आधी मी झाशीच्या छावणीत एका कर्नलसाहेबांकडे होते. ते बेतवा नदीवर पक्षी बघत. ते बदलून गेले आणि मी मानिक चौकातल्या जुन्या सामानाच्या दुकानात, एका मुक्या रेडिओशेजारी येऊन पडले. गिऱ्हाइकं मला डोळ्याला लावत, किल्ला बघत आणि ठेवून निघून जात. तिथेच माणसांची एक खोड माझ्या लक्षात आली. नको ते दिसलं की ती आधी माझी काच पुसतात.

विद्याधररावांनी मला उचललं ते लेकीसाठी. ते रेल्वेत गार्ड. त्यांची रेवा भोपाळला मावशीकडे राहून तलावावर शिडाची होडी चालवायला शिकत होती. होडी लांब गेली की बापाला नुसता पांढरा ठिपका दिसे.

"भैया, इससे बिटिया की नाव दिखेगी ना?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"अरे भाईसाहब, नाव क्या, बिटिया की चोटी दिखेगी!"

रेल्वे कॉलनीत विद्याधररावांच्या शब्दाला मान होता. एकदा धुक्यात, सिग्नल लाल असताना त्यांच्याकडून हिरवा झेंडा दाखवला गेला होता. गाडी चार पावलं सरकून थांबली. ड्रायव्हरखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी आपली चूक स्वतःच्या हातानं लिहून दिली आणि बढती दोन वर्षं लांबवून घेतली. ही गोष्ट मी त्या घरात इतक्यांदा ऐकली की अशा माणसाच्या गळ्यात लटकायला मिळतंय, याचाच मला तोरा चढला.

गेल्या मार्चात कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या गावी शिडाच्या होड्यांच्या शर्यती होत्या. रेल्वेच्या पासावर दोन गाड्या बदलून रेवा, विद्याधरराव आणि मी निघालो. वाटेत रेवानं डब्याच्या झाकणावर लिंबाची फोड ठेवून नियम समजावला.

"बाबा, हा बोया. पाण्यावर तरंगतो. याला वळसा घालायचा. होडी टच झाली तर आपणच एक पूरा चक्कर मारायचा, सजा म्हणून."

"आणि कुणी पाहिलंच नाही तर?"

"तरीपण. रेफरी मागे थोडीच पळतो? खुदच मारायचा."

"म्हणजे आमच्या सिग्नलसारखंच की!" विद्याधरराव खूश झाले.

शेवटच्या शर्यतीत रेवा तिसरी होती. तिच्या पाठोपाठ त्याच गावातल्या कोळ्याची मुलगी, शर्वरी. नारिंगी बोयाला वळसा घालताना रेवाची होडी कलली आणि तिची कड बोयाला घासली. बोया चांगलाच डोलला. पंचांची बोट इतर शिडांच्या आड होती. शर्वरी आपलं शीड सावरण्यात गुंतलेली. रेवानं मागे पाहिलं, किनाऱ्याकडे पाहिलं आणि चक्कर न मारता ती सरळ निघून गेली.

मी ते सगळं विद्याधररावांच्या डोळ्यांपुढे हातभर अंतरावर आणून ठेवलं. त्यांनी मला खाली घेतलं आणि रुमालानं काच पुसली. पुन्हा डोळ्याला लावलं, पुन्हा पुसली. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मीही मनात म्हटलं, दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल तर बरं.

रेवा तिसरी आली. ओल्या कपड्यांनी ती धावत आधी बापाकडे आली. हसत नव्हती.

"बाबा, बोयापाशी... तुम्हाला काही दिसलं?"

विद्याधरराव माझा पट्टा चाचपत राहिले. "नाही गं. या खाऱ्या हवेनं काच धूसर झाली होती."

रेवानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. थोड्या वेळानं तिच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. शर्वरी तिच्यासाठी टाळ्या वाजवत होती. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

पाडव्याला झाशीच्या मराठी मंडळात रेवाचा सत्कार झाला. शाल, नारळ, पेढे. कुणीतरी सिग्नलची जुनी गोष्टही सांगितली. विद्याधरराव मान वर करेनात. घरी येऊन त्यांनी मला कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली सारलं. रेवाच्या आईनं, कमलिनीबाईंनी विचारलं तेव्हा "खराब झालीय," एवढंच म्हणाले.

रेवा सुट्टीला घरी आलीय. काल स्वेटर काढताना मी तिच्या हाती लागले. गच्चीत जाऊन तिनं मला डोळ्याला लावलं. किल्ल्याच्या बुरुजावर घार बसली होती. रेवा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. शेजारी विद्याधरराव पेपर वाचत होते.

"बाबा, साफ दिसतंय."

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तेव्हापण साफच दिसलं होतं ना?"

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. माझी हिंमत नव्हती होत. मला वाटलं, तुम्ही तरी बोलाल."

विद्याधररावांनी मला तिच्या हातून घेतलं. "चुकलो गं," म्हणाले.

आज सकाळपासून दोघं टेबलाशी आहेत. रेवानं शर्यत भरवणाऱ्यांना एक पत्र लिहिलं, शर्वरीला दुसरं. मराठी लिहिताना ती अडखळते, पण बापाला तिनं हात लावू दिला नाही. दोन्हींच्या खाली विद्याधररावांनी आपल्या ठसठशीत अक्षरात एवढंच लिहिलं: 'मी दुर्बिणीतून पाहिलं होतं. काच स्वच्छ होती.'

पदक पाकिटात गेलंय. पत्रं उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवलंय. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिची काच जरूर पुसा, पण बघण्याआधी.

शर्वरीचं उत्तर येईल की नाही, कोण जाणे. आलं तर रेवा ते मोठ्यानं वाचणार म्हणतेय. ऐकावं आम्हा तिघांनाही लागेल.