दोनशे चौदावी ओळ

आश्रुबा सरांनी आपला लॅपटॉप अदिबाच्या पुढ्यात सरकवला आणि एका कानातला इअरफोन काढला.

"दोनशे चौदावी ओळ. हितंच अडतंय. तीन हप्ते झाले. तुमी हितून पुढं कशा गेल्या?"

नेकनूरच्या शाळेत इतिहास शिकवणारे सर जन्मापासून आंधळे होते. पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा आवाज दिवसभर त्यांच्या कानात असे. त्या प्रोग्रामचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. तो अदिबाने लिहिला नव्हता. कोडपासून चालणारी फाइल बांधायची आणि तिचं पॅकेज लोकांपर्यंत पोचवायचं, एवढंच तिचं काम. पॅकेजच्या पानावर तिचं नाव होतं आणि खाली एक ओळ: संपूर्णपणे मूळ कोडपासून बांधलेले. ज्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पासाठी ती हे करत असे, तिथे दुसऱ्याने बांधलेली तयार फाइल ठेवायला मनाई होती. आत काय आहे ते कुणालाही तपासता यावं, बदलता यावं, म्हणून.

"मला आवाज अजून जलद पायजे. एक आकडा बदलायचाय, बस. पण बांधायला गेलं की हे." सर हसले. "म्हटलं, बीडात एक मुलगी हेच करून बसलीय. फोनवर कशाला विचारायचं? जाऊनच शिकावं."

मोटर दुरुस्तीच्या त्या दुकानाच्या दाराशी तिचे अब्बू, ख्वाजाभाई, जळालेल्या मोटरची तार उलगडत बसले होते.

"बरोबर जागी आलात सर. उघडून बघितल्याबिगर आमी काय देत न्हाई. पोरीलाबी तीच आदत हाय."

अदिबा पडद्याकडे बघत राहिली. चूक वाचायची गरज नव्हती. ती तिला पाठ होती.

"घाई न्हाई ताई. निवांत वाचा."

 तिने स्वतःचा लॅपटॉप जवळ ओढून कामाच्या नोंदींची फाइल उघडली. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलपासून तारीखवार लिहायची सवय होती. तिने आवाज मोठा केला.

"सर, हे ऐका."

सरांच्या ओळखीचा तोच आवाज, तसाच सपाट, दुकानात बोलू लागला.

"बारा जून. सहावा प्रयत्न. ओळ दोनशे चौदा. बांधलं जात नाही. मूळ लेखकांच्या साइटवरून तयार फाइल उतरवली. पॅकेजमध्ये ठेवली. चालते. पानावरची ओळ तशीच ठेवली."

अब्बूंचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"म्हंजे, तुमचंबी झालं न्हाई?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

सरांनी इअरफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"आमच्याकडं दोन पोरं हायत, माझ्यासारखीच. त्यांना हे शिकवत होतो. मागच्या हप्त्यात बंद केलं. म्हटलं, ती पोरगी करती अन् आपल्याच्यानं होत न्हाई, तर आपण काय शिकवणार?"

अदिबाने दोन्ही हात टेबलावरून खाली घेतले. मोटरच्या करपलेल्या वार्निशचा वास एकदम जास्त यायला लागला.

"सर, मी ते पॅकेज आज काढते. ती ओळपण."

"काढा." सरांनी दुसरा इअरफोनही काढून खिशात ठेवला. "पाच वाजताची गाडी जाऊ द्या. पयल्यापासून लावा. साही प्रयत्न ऐकू द्या."

तिने वरचा बाण दाबत नेला.

"तीन जून," आवाज म्हणाला. "पहिला प्रयत्न."