धुऊन टाकलेला गुरू

१९८० साली धारवाडच्या एका कॉलेजात अनुसया गुरू ग्रहाच्या ढगांवर संशोधन करत होती. हातभर लांब क्वार्ट्झच्या नळीत तिथल्या हवेतले अमोनिया आणि फॉस्फिन हे वायू, आणि बाहेर सूर्याच्या जागी अतिनील किरणांचा दिवा. ढगांना तांबूस रंग कशानं येतो, हे तिला शोधायचं होतं. गुरूवर एक सोय होती, तिथला सूर्य वीज मंडळाच्या ताब्यात नव्हता. धारवाडचा दिवसातून दोनदा मावळायचा.

तरी एकेचाळीस दिवसांत नळीत विटकरी पापुद्रा धरला. वायू उपसून तिनं विभागप्रमुख गुरुराज सरांना सांगितलं. सरांचा व्यासंग दांडगा. गुरू म्हटलं की तो कुणाच्या पत्रिकेत कितव्या घरात आहे, हे ते आधी विचारत.

"छान! पण आधी मंगळवारची तपासणी समिती होऊन जाऊ दे."

मंगळवारी अनुसया आली तर नळी लखलखत होती. समितीनं शेरा लिहिला, 'उपकरणे नव्यासारखी.' खरंच होतं. वापरल्याचा पुरावाच उरला नव्हता.

"सर, तो पापुद्रा म्हणजेच माझं संशोधन होतं!"

"अगं, डाग होता तो. पाहुण्यांना डाग दाखवायचे?"

ती प्रयोगशाळेत जाऊन रडत बसली. म्हातारे शिपाई सटवाजी समोर येऊन उभे राहिले.

"अक्का, सरांनी सांगितलं म्हणून धुतलं. पाण्यानं जाईना, स्पिरिटनं जाईना. मग काठीला पातं बांधून खरवडलं." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "ज्याचं त्याला विचारल्याबिगर मी काही फेकत नाही."

पुडीत चिमूटभर तांबडी पूड होती. काचेवरून ती काढायची कशी, या विचारात अनुसयाचा आठवडा गेला होता. तिनं ती बेंगळुरूला तपासायला पाठवली. उत्तर आलं, बहुतेक सगळा तांबडा फॉस्फरस.

निबंधावर पहिलं नाव अर्थातच सरांचं. मार्गदर्शन त्यांचं होतं. आभारात मात्र तिनं सटवाजींचं नाव घातलं.

"शिपायाचं नाव?" सर दचकले.

"मग नमुना कसा मिळाला ते लिहू, सर? कुणाच्या हुकमानं नळी धुतली, तेही येईल."

"इरली, इरली," सर घाईनं म्हणाले. "राहू दे ते नाव."

निबंध छापलेला अंक आला तेव्हा अनुसयानं ती ओळ सटवाजींना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा ऐकली.

"चांगलं झालं, अक्का," ते म्हणाले. "आडनाव तेवढं राहिलं."

 चार वर्षांत तिनं ते कधी विचारलंच नव्हतं.