वाकडा बसवलेला दात

संपादकबाईंशी बोलणं संपलं तशी आत्याने फोन आपल्या आईच्या कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या साच्यांत पालथा घातला. दहा-बारा वर्षांच्या मुलींसाठी पुस्तक निघणार होतं. प्रत्येक गोष्टीत एक मुलगी आणि तिला सापडलेलं काम. कुणी वैमानिक होत होती, कुणी वकील. आत्याने लिहिलेल्या गोष्टीतली मुलगी कवळ्या करायची. बाईंचं म्हणणं, तिला दातांची डॉक्टर करा. कवळ्या करायची स्वप्नं कुणी बघतं का? संध्याकाळपर्यंत बदल झाला नाही, तर गोष्ट वगळणार.

आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिची ही खोली मालकाला परत द्यायची होती. गोष्टही गेली, तर आईचं कवळ्या करण्याचं जन्मभराचं काम भंगारात निघाल्यासारखंच होतं. म्हणून आत्या चरफडत डॉक्टरीण लिहायला बसली.

आजीच्या स्टुलावर बसून भाची आधीची पानं वाचत होती.

“ही मुलगी कोण?”

“तुझी आजी. लहानपणीची.”

“आजी? ही तर सारखी ‘काही हरकत नाही’ म्हणते. आजी ‘जळलं मेलं’ म्हणायची.”

पुस्तकात तसलं चालत नाही, असं आत्याने तुटकपणे सांगितलं. पण भाचीचं संपलं नव्हतं. पहिलीच कवळी झकास होते, सगळे टाळ्या वाजवतात, हे तिला मुळीच पटलं नव्हतं. फळीवरची एक कवळी उचलून ती म्हणाली, “आणि हा पुढचा दात वाकडा कसा? आजीचा चुकला?”

“चुकला नाही, मुद्दाम बसवलाय,” आत्या खेकसली, आणि मग सांगावंच लागलं. सुरुवातीला आईने एका पोस्टमनला मोत्यांसारखे सरळ दात करून दिले होते. चार दिवसांत त्याने ते टेबलावर आणून आपटले. नातू जवळ येईना. हे आजोबा नव्हेत म्हणे. आई दिवसभर धुमसली, जेवलीसुद्धा नाही. मग त्याचा जुना हसरा फोटो मागवून, मेण वितळवून तिने एक दात जरासा कलता केला. तेव्हापासून ती प्रत्येकाकडे आधी हसरा फोटो मागायची.

“मग हे का नाही लिहिलंस? डॉक्टर तर आमच्या अर्ध्या वर्गाला व्हायचंय.”

आत्याला राग आला, आणि तो भाचीवर नाही हे कळल्यावर जास्तच आला. तिने डॉक्टरणीचं पान फाडलं आणि बाईंना फोन लावला.

“ती डॉक्टर होणार नाही. तिची पहिली कवळी परत येते, आणि ती दिवसभर उपाशी चिडून बसते.”

असलं वाचायला कुठल्या मुलीला आवडेल, बाईंनी विचारलं.

आत्याने मागे पाहिलं. भाचीने न विचारता मेण वितळवायला बर्नर पेटवला होता. मेणाचा थेंब बोटावर पडला.

“जळलं मेलं,” ती पुटपुटली, आणि पुन्हा दातावर वाकली.

“एक आहे इथे,” आत्या म्हणाली. “सध्या कामात आहे.”

पाठवा, बघते, एवढंच बाई म्हणाल्या. कबूल काहीच केलं नाही. स्टूल काही मोकळं होणार नव्हतं. आत्याने साचे बाजूला सारले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्यानेच, गोष्ट पहिल्यापासून लिहायला घेतली.