तणमोरीच्या घरट्याकडची पायवाट

“रोज सकाळी घरट्यापाशी जायचं, बाई. अंडी नीट आहेत का बघायचं. एका दिवसाचाही खाडा नको.”

उमाशंकर साहेबांचं हे सांगणं अयोध्याबाईंनी व्रतासारखं उचललं. नवरा गेला, लेक लातूरला नांदायला गेली. त्यांना काही सांगणारं असं घरात कुणी उरलंच नव्हतं. रेणापूरजवळच्या माळावर तणमोरीनं अंडी घातली होती. कोंबडीएवढं पाखरू, पण आता मुलखात मोजकीच उरलेली. पक्षी प्रकल्पाच्या या साहेबांनी राखणीला बाईंना नेमलं.

श्रावणाचे दिवस. आंघोळ करून, तुळशीला पाणी घालून, उपाशीच त्या निघायच्या. तीच वेळ, तीच वाट. तणमोरी फडफडत उठायची. बाई हात जोडायच्या, “बस गं माय, चालले मी,” म्हणायच्या. दिवसभरात तोंडातून निघायचे ते एवढेच शब्द.

सतराव्या दिवशी घरट्यात नुसती टरफलं होती.

बाई वाकल्या; टरफलांभोवती कुत्र्याचे पंजे दिसले. शेळ्या चारणारी सरजाबाई लांबूनच ओरडली, “काय झालं वो अक्का?”

“कुत्र्यानं खाल्ली गं. एवढ्या गवतात त्याला घावली कशी?”

“कशी म्हंजे? तुमीच तर सडक करून दिलाव! मागं बघा की. डांबर टाकायचं तेवढं राहिलंय.”

बाईंनी वळून बघितलं. उभ्या गवतातून तुडवलेली सरळ पट्टी गावाकडून त्यांच्या पायांपर्यंत आली होती. ओल्या मातीत त्यांच्याच चपलेच्या ठशांवर कुत्र्याचे पंजे उमटले होते.

बाईंनी फोनवर सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, “चूक माझी, बाई. मला वाटलं, जितकं जवळून बघू तितकं बरं.”

“सांगितलं तुमी, साहेब. पाय तर माझेच की.”

“परत बसली तर जवळ जाऊ नका. कुत्री तेवढी अडवा.”

“न्हाई जाणार. शबूद देते.”

पंधरा दिवसांनी सरजाबाई हरखून दारात आली. “अक्का, पल्याडच्या ओढ्यापाशी बसलीय बगा! चला, दाविते.”

बाईंचा पाय उंबऱ्याबाहेर पडलाच होता. तो त्यांनी मागं घेतला. “नगं. नेमकी कुठं हाय ते बी सांगू नगंस.”

“आता गं बया! मग एकल्याच दिवसभर काय करताव?”



दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं तशी त्यांनी हातात काठी घेतली आणि माळाकडं पाठ करून, कुत्री जमतात त्या वेशीकडं त्या सावकाश चालू लागल्या.