मृणालीचा पाट आणि चौकटीवरची रेघ

मित्रांनो, पाट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जेवायला बसायचा लाकडी पाट येईल. मी तो नव्हे. मी मोटारीतला पाट, आता बराच जुना झालेला. दुकानातल्या खोक्यावर माझं नाव ‘बूस्टर सीट’ असं होतं, पण ते खोक्याबरोबरच रद्दीत गेलं. घरात मला सगळे मृणालीचा पाट म्हणतात. माझं काम एकच. गाडीतला पट्टा मोठ्या माणसांच्या मापाने केलेला असतो. मी लहान मुलाला चार बोटं उंच करतो, म्हणजे तो पट्टा मानेला न घासता खांद्यावर येतो आणि पोटावर न चढता मांड्यांवर बसतो. काम एवढंसंच, पण त्यात बोटभर चुकूनही चालत नाही. म्हणूनच की काय, माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. आजही माझा जीव थाऱ्यावर नाही. का नाही, ते शेवटी सांगतो.

मी घडलो एका कारखान्यात. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात पडलं आणि माझं अंग तयार झालं. पट्टा अडकवायला दोन्ही बाजूंना दोन कान ठेवले होते. एका बाईने राखाडी कापडाचा अभ्रा शिवून माझ्यावर चढवला आणि हाताने दोनदा थोपटला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मग ट्रकमधून रत्नागिरीला आलो आणि एका दुकानात पंख्यांच्या खोक्यांमागे तीन महिने पडून राहिलो. गिऱ्हाईक यायचं, पंखा घेऊन जायचं. मला कुणी विचारायचं नाही.

शेवटी करुणाताई आल्या. त्या शाळेत शिकवतात आणि कुठलीही वस्तू घेताना तिच्या तळाशी काय लिहिलंय ते आधी वाचतात. मलाही त्यांनी उलटा करून वाचलं. त्यांची मुलगी मृणाली तेव्हा पाच वर्षांची होती. तिचे बाबा अभय रत्नागिरीतच एका कचेरीत लिपिक. दर दुसऱ्या शनिवारी हे तिघे गाडीने खेडच्या पुढे गावी जात. तिथे मृणालीचे आजोबा रामजीआबा आणि आजी सुंदराबाई राहतात.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. तोवर मृणालीला खिडकीतून नुसतं आभाळ दिसायचं. माझ्यावर बसल्यावर तिला घाटातली माकडं दिसली, पुलाखालचं जगबुडी नदीचं पाणी दिसलं. करवंदांचे डाग, फणसाचा चीक, सांडलेलं सरबत, सगळं मी अंगावर घेतलं. पहिल्यांदा मला बघून रामजीआबा म्हणाले होते, “अगो, ह्यो तर आमच्या बायचा सिंहासन!” मी उगाचच ताठ झालो होतो.

पण मुलं वाढतात आणि सिंहासनाची त्यांना लाज वाटायला लागते. मृणाली नऊ वर्षांची झाली. त्यांच्याच इमारतीत राहणारी तेजस्वी, तिच्याच वर्गातली. एकदा गाडीत डोकावून ती फिदीफिदी हसली. “तू अजून बाळाच्या सीटवर बसतेस?” त्या दिवसापासून मृणालीने टाचांनी मला बडवायला सुरुवात केली. अभय म्हणाले, “पुरे झालं आता, मोठी झाली ती.” करुणाताईंनी मला उलटा करून पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, “उंची चार फूट नऊ इंच होईपर्यंत नाही.” दोन शनिवार या विषयावर खडाजंगी झाली. पाट काढायचा की ठेवायचा, याचा निकाल लागेना. मग हा तंटा रामजीआबांकडे गेला.

मोजमापाचा तंटा त्यांच्याकडेच जायचा. रामजीआबांनी नोकरीची तीस वर्षं जमीन मोजणाऱ्यांची साखळी धरली होती. गावात कुणाचा बांध सरकला की त्यांना बोलावणं यायचं आणि त्यांचं माप म्हणजे अखेरचं माप. आबांनी टेप घेतली, मधल्या दाराच्या चौकटीवर जमिनीपासून चार फूट नऊ इंच मोजले आणि तिथे चाकूने रेघ कोरली. “बाय, ही रेघ वलांडलीस, का पाट माळ्यावर. मंग कुणी काय बोलायचा नाय.” मृणाली चौकटीला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या तीन इंच वर होती. ते डिसेंबरचे दिवस.

आता जे सांगतो ते नीट ऐका, मित्रांनो, कारण त्या घरात ते नीट बघणारा मी एकटाच होतो.

एप्रिलमध्ये आबांनी घराची जमीन बदलायला काढली. बुद्धपौर्णिमेला पाहुणे येणार, शेणाने सारवलेल्या जमिनीवर लादी बसवून घेऊ, असं ठरलं. काम चालू असताना अभय मंडळी गावी आली. गाडी धुवायला काढली होती म्हणून मला पडवीत ठेवलं होतं. गवंड्यांनी जुन्या जमिनीवर चिऱ्यांचा चुरा ओतला, ठोकून सपाट केला, वर सिमेंट आणि लादी. चौकटीचा पाय लादीखाली गाडला गेला. मधलं दार खाली घासायला लागलं, तेव्हा सुताराने ते उतरवून खालून एक पट्टी कापून काढली. अडीच इंच रुंदीची, दाराच्या रुंदीएवढी लांब. आबा काही टाकून देणारे नव्हेत. “ऱ्हाऊ दे, कशाला तरी उपेगी पडंल,” म्हणून त्यांनी ती माळ्यावर ठेवून दिली.

जमीन अडीच इंच वर आली होती. रेघ मात्र होती तिथेच.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी पांढरा फ्रॉक घालून मृणाली चौकटीला टेकली आणि ओरडली, “आबा! ओलांडली!” आबांनी तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली. फूटपट्टी रेघेच्या केसभर वरच होती. पाच महिन्यांत पोरगी तीन इंच वाढली! घरात आनंदीआनंद झाला. सुंदराबाईंनी लगेच श्रेय घेतलं. “माज्या नाचणीच्या भाकरीचा गुण हाय तो.” अभय म्हणाले, “आमच्याकडची उंची आहे.” करुणाताई तेवढ्या गोंधळल्या. “अहो, हिचा शाळेचा पिनाफोर तर अजून तेवढाच येतोय.” पण आबांनी मोजल्यावर पिनाफोरला कोण विचारतो?

सामानाबरोबर आत आणून ठेवलेला मी कोपऱ्यातून जिवाच्या आकांताने ओरडत होतो. माझा आवाज मलाच ऐकू येत होता. त्याच दुपारी मी माळ्यावर गेलो. आजीने माझ्यावर फणसाच्या आठळ्यांची टोपली ठेवली, आणि जागा करायला म्हणून दाराची ती पट्टी टोपलीखाली, माझ्या अंगावरच आडवी सारली. मित्रांनो, त्या चुकीचा पुरावाच माझ्या मांडीवर पडलेला आणि मला तोंड नाही.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दार लागलं. मृणाली हसत होती. मी मनात हिशेब करत राहिलो, आता घाट आला असेल, आता उतार, आता पट्टा तिच्या मानेला घासत असेल. मे गेला, जून गेला. एक प्रश्न मला फार छळायचा. माझी ही तगमग खरंच मृणालीसाठी होती, की मला माळ्यावर टाकलं म्हणून? खरं सांगतो, पहिल्या आठवड्यात ती निम्मी माझ्यासाठीच होती. नंतर नाही. नंतर मला वाटायचं, मला पुन्हा कुणी खाली नेलं नाही तरी चालेल, पण कुणीतरी एकदा जमिनीकडे बघा.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी गाडी आली, पण नेहमीचा हॉर्न वाजला नाही. माळ्याच्या फटीतून मला मधलं दार दिसायचं. त्यातून मृणाली आत आली. हनुवटीवर पांढरी पट्टी, डोळे सुजलेले. सुंदराबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

“काय झाला माज्या बायला?”

खेडच्या अलीकडे वळणावर रस्त्यात गुरं बसली होती. अभयनी करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली, गुरं वाचली. पण पट्टा मानेला टोचतो म्हणून मृणालीने तो काखेखालून घेतला होता. ती पुढे घसरली, पट्टा मांड्यांवरून पोटावर चढला आणि हनुवटी पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली. खेडच्या डॉक्टरांनी दोन टाके घातले, पोट तपासलं आणि म्हणाले, थोडक्यात निभावलं.

करुणाताईंनी तिचा फ्रॉक वर करून पोटावरचा लाल वळ दाखवला. “मी सारखं म्हणत होते, पट्टा मानेवर येतोय. अभय, तुम्ही माझं ऐकलं नाहीत.”

“अगं, पण रेघ ओलांडलीय ना तिने? आबांनी मोजलंय!”

आबांचं माप मध्ये आलं की घरात बोलणं तिथेच थांबायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाली खाटेवर पडून होती आणि खाट एका पायाशी डुगडुगत होती. त्यामुळे तिच्या हनुवटीत दर वेळी कळ यायची. खाली सारायला काहीतरी शोधत आबा शिडीने माळ्यावर आले. त्यांनी टोपली उचलली आणि ती पट्टी हातात घेतली. मी श्वास रोखला, असं म्हणतो, मला श्वास नसला तरी. आबा वळले, एक पायरी उतरले आणि थांबले. त्यांनी हातातल्या पट्टीकडे बघितलं. मग खाली मधल्या दाराकडे. मग लादीकडे. तिथेच पायरीवर ते मटकन बसले.

“करुणा,” त्यांनी हाक मारली, “बाय, टेप आण जरा.”

मृणालीला त्यांनी भिंतीपाशी उभं केलं आणि लादीपासून मोजलं. चार फूट साडेसहा इंच. पुन्हा मोजलं, तितकंच. मग ते मुलाकडे वळले. “अभय, करुणाचा आयकायला पायजे व्हतास. आनि माजा माप चुकला. जमीन उचलली मी आनि रेघ तशीच ठेवली. तीस वरसा लोकांचं बांध मोजलं, आनि नातीला उंच मोजून बसलो.” त्यांचे डोळे भरून आले होते. अभय मान खाली घालून उभे होते. त्यानंतर कुणी कुणाला दोष दिला नाही, आणि तेच मला फार बरं वाटलं.

आबांनी ती पट्टी जुन्या रेघेवर उभ्या कडेने धरली आणि तिच्या वरच्या काठाला चाकूने नवी रेघ कोरली. जुनी रेघ खोडली नाही. “ऱ्हाऊ दे. दिसत ऱ्हायला पायजे.”

मृणाली रुसून बसेल असं मला वाटलं होतं. ती बराच वेळ दोन रेघांकडे बघत राहिली. मग स्वतः शिडी चढून माळ्यावर आली, आणि माझ्यावरची धूळ तिने आपल्या फ्रॉकने पुसली. “चल रे पाटा,” म्हणाली. परतीच्या वाटेवर पट्टा तिच्या खांद्यावर बरोबर बसला. घाट संपेपर्यंत ती माझ्यावर गाढ झोपली होती. इतकं जड ओझं इतक्या आनंदाने मी कधी वाहिलं नव्हतं.

आता करुणाताई नुसत्या रेघेवरही विसंबत नाहीत. महिन्यातून एकदा त्या मृणालीला माझ्याशिवाय सीटवर बसवतात. पाठ मागे टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, पट्टा खांद्यावर येतो का, आणि सगळा प्रवास ती तशीच बसून राहते का, हे बघतात. अजून गुडघे कडेपर्यंत पोचत नाहीत. ज्या दिवशी सगळं जमेल, त्या दिवशी मी हसत माळ्यावर जाईन. आठळ्या ठेवा, कांदे ठेवा, माझं काही म्हणणं नाही.

मग मी बेचैन का, असं तुम्ही विचाराल. गेल्या आठवड्यात पाऊस लागला म्हणून शाळेतून येताना तेजस्वी आमच्या गाडीत बसली. मला बघून ती हसायला लागली. मृणालीने हनुवटीवरच्या व्रणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हस. माझं अजून अडीच इंच बाकी आहे. तू बसून बघ.” तेजस्वी गंमत म्हणून माझ्यावर बसली. पट्टा खांद्यावर आला तसं तिचं हसू थांबलं. “आमच्या गाडीत मला तर तो गळ्यालाच लागतो,” ती हळूच म्हणाली. “मी पाठीमागे टाकते.”

मित्रांनो, तेजस्वी मृणालीपेक्षा दोन बोटं ठेंगणी आहे, आणि तिच्या बाबांच्या गाडीत माझ्यासारखा कुणी नाही. करुणाताई तिच्या आईशी बोलणार आहेत म्हणे. उद्या, किंवा रविवारी. पण तेजस्वी आज संध्याकाळीच मामाकडे मालगुंडला निघाली आहे. तुमच्याही वर्गात एखादी तेजस्वी असेल, किंवा ती तुम्हीच असाल. तुमच्या घरची रेघ कुणी, कधी आणि कुठल्या जमिनीपासून मोजली होती, ते एकदा विचारा. मी इथे इमारतीखाली उभ्या गाडीत बसून तेजस्वीच्या बाबांची गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकतो आहे.