काळ्या रंगाचा हौद

मित्रांनो, मी एक जुना, विटा-सिमेंटचा हौद आहे. कापड रंगवायच्या एका लहानशा कारखान्याच्या मागच्या खोलीत, जमिनीत पुरुषभर खोल. मला जागचं हलता येत नाही. त्यामुळे जे घडलं, ते सगळं मला इथूनच पाहावं लागलं.

मला बांधलं ते रंगारीदादांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं. गवंडी नुसता शेजारी उभा राहून चुका काढत होता. गिलावा ओला असताना दादांची चिमुरडी मुलगी काठाशी बसून विचारायची, "बाबा, यात मासे सोडायचे?"

"सोडू की," ते म्हणायचे, "पण काळेच सापडले पाहिजेत हं!"

मासे आले नाहीत, काळा रंग आला. काय सुरेख काळा होता तो! धुवून धुवून कापड विरलं तरी रंग हटायचा नाही. दूरदूरचे शिंपी म्हणायचे, काळं कापड हवं तर इथलंच. मी आतल्या आत फुगून जायचो. पण तो रंग विरघळवायला जे रसायन लागे, त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास होता. तो भिंतींत मुरला, दादांच्या केसांत मुरला. त्यांची बायको नाक मुरडायची. "तुम्ही कोपऱ्यावर असता तेव्हाच मी ताट घेते. तुमच्याआधी तुमचा वास घरी येतो."

रसायन विकणारा माणूस पिंपं उतरवून सांगायचा, "हात आखडू नका, भरपूर टाका." जेवढं रसायन खपेल, तेवढा त्याचा फायदा. उरलेलं पाणी मागच्या नाल्यात जायचं आणि जड गाळ माझ्या तळाशी बसायचा.

एका दुपारी मला रिकामं करून दादा गाळ काढायला आत उतरले. गाळ दगडासारखा घट्ट झाला होता. तो सुटावा म्हणून त्यांनी त्यावर आम्ल ओतलं. गाळातून विषारी वायू उसळला. दादांनी शिडीकडे हात नेला, पण हात शिडीपर्यंत पोहोचलाच नाही; बोटं माझी भिंत ओरबाडत खाली घसरली.

"दादा! अरे दादा!" धाकटा भाऊ धावत आला आणि काठावरून वाकला. त्यालाही भोवळ आली. शेजाऱ्यांनी त्याला मागे खेचलं म्हणून तो वाचला. दादांना बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

खोलीला कुलूप लागलं. मित्रांनो, ती वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. गाळात अधूनमधून बुडबुडा फुटायचा आणि मला वाटायचं, दादांनी श्वास घेतला. मी कान टवकारून दुसऱ्या श्वासाची वाट पाहायचो. तो यायचा नाही. काळोखात माझ्या भिंतींवर त्यांच्या बोटांचे ओरखडे तेवढे होते.

दादांची मुलगी मोठी झाली. रंगाचं काम शिकली आणि एके दिवशी तिनं ते कुलूप उघडलं. मागोमाग काका आले.

"हा हौद आधी बुजवायचा," काका म्हणाले. माझ्याकडे बघायचं ते टाळत होते. "राडारोडा टाका, वर फरशी घाला. विषय संपला."

मुलीबरोबर रसायनं पुरवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, बुजवलं म्हणून विष संपत नाही. ते हळूहळू जमिनीत उतरेल. पलीकडे लोकांच्या विहिरी आहेत."

"तुमचं काय जातंय? तुम्हाला पिंपं विकायची!"

"नाही विकायची. रसायन आमचंच राहील. जेवढं कापड नीट रंगेल, तेवढ्याचाच मोबदला आम्ही घेऊ. उरलेलं रसायन आणि रिकामी पिंपं परत नेऊ. जास्त वापरलं तर नुकसान आमचं."

"विकणारीच सांगते, कमी वापरा!" काका मुलीला म्हणाले. "बघ बाई, यांचं डोकं ठिकाणावर आहे का?"

तेवढ्यात दाराशी मुलीची आई आली. दादा गेल्यापासून तिनं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ती माझ्या काठाशी आली आणि भिंतीवरचे ओरखडे पाहत राहिली.

"भाऊजी, बुजवायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "ह्यांना ज्यानं नेलं, ते दुसऱ्याच्या विहिरीत जायला नको. साफ करा. पण माणूस आत उतरणार नाही. कुणीही नाही."

बाईंनी त्या कामातली माणसं बोलावली. आधी त्यांनी मोठ्या पंख्यानं आतली हवा खेळवली, मग बाहेर उभं राहूनच नळीनं गाळ ओढून घेतला. लांब दांड्यांच्या अवजारांनी माझा गिलावा खरवडला. तो दादांच्या हातचा गिलावा होता. ओरखडे त्याबरोबरच गेले. सगळं पिंपांत बंद करून बाईंच्या गाडीत चढवलं. आई गाडीमागे थोडी चालत गेली आणि रस्त्यात थांबली. काकांनी तिला हात धरून परत आणलं.

आता मला नवं अस्तर आहे. रंगकाम वरच्या झाकणबंद टाकीत होतं आणि रंग विरघळवायला ते कुजक्या वासाचं रसायन नाही, साखरेच्या जातीचं साधं द्रव्य वापरतात. तेच रंगाचं पाणी थोडी भर घालून पुन्हा वापरतात. माझ्यात कापड धुतलेलं पाणी गाळून येतं. ते परत कामाला लावतात, नाल्यात सोडत नाहीत. गल्लीतले आणखी दोन रंगारी बाईंकडूनच रसायन घेऊ लागले आहेत.

पहिलं काळं कापड वाळलं तेव्हा मुलीनं ते आईच्या मांडीवर ठेवलं. आईनं ते नाकाशी नेलं. पुन्हा पुन्हा हुंगलं.

"कशाचाच वास नाही गं," ती म्हणाली, आणि त्यात तोंड लपवून रडली.

मित्रांनो, काळं कापड अंगावर घालाल तेव्हा विचारा, त्याचं उरलेलं पाणी कुठे गेलं. आणि कुठलाही हौद कितीही रिकामा दिसला तरी आत उतरू नका. माझं पाणी आता नितळ असतं. कुणी काठावरून वाकलं की त्याचा चेहरा त्यात स्पष्ट दिसतो. तो चेहरा मागे सरकेपर्यंत मी त्याचा एकेक श्वास ऐकत राहतो.